डॉ. ताहा हुसेन

मुलांनो, इजिप्त या देशाचे नाव तुम्ही भूगोलाच्या पुस्तकात वाचले असेल. उर्दूत आपण त्याला मिस्र म्हणतो. नाईल नदी, पिरॅमिड आणि कैरो शहरातील हजार वर्षांपूर्वीचे अल-अझहर हे विद्यापीठ, या गोष्टींमुळे तो देश साऱ्या जगाला माहीत आहे. त्याच देशात एक लेखक होऊन गेले. त्यांनी पन्नासहून अधिक पुस्तके लिहिली. ते प्राध्यापक झाले, विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि देशाचे शिक्षणमंत्रीही झाले. पण आपल्या पुस्तकातील एक ओळसुद्धा त्यांना कधी डोळ्यांनी वाचता आली नाही. त्यांचे नाव डॉ. ताहा हुसेन.

ताहा यांचा जन्म १८८९ च्या नोव्हेंबर महिन्यात झाला. इजिप्तच्या दक्षिण भागात मिन्या नावाचा प्रांत आहे. तेथील मगागा गावाजवळच्या एका लहान वस्तीत त्यांचे घर होते. वडील साखर कंपनीत साध्या नोकरीवर होते. कुटुंब फार मोठे होते. वडिलांना तेरा मुले होती आणि ताहा त्यांतील सातवे. एवढ्या मोठ्या घरात एका मुलाकडे कोण किती लक्ष देणार?

ताहा सुमारे तीन वर्षांचा असताना त्याचे डोळे आले. काही दिवस कोणी फारशी काळजी केली नाही. मग गावातील न्हाव्याला बोलावण्यात आले. त्या काळी खेड्यात डॉक्टर नव्हते. न्हावीच फोड कापत असे आणि औषधही देत असे. त्याने केलेल्या उपचाराने मुलाची दृष्टी कायमची गेली. आज डोळे येणे आपल्याला किती किरकोळ वाटते! पण त्या काळी इजिप्तमध्ये याच रोगाने कितीतरी मुले आंधळी होत असत.

दृष्टी गेल्यावरही आईची आशा सुटली नव्हती. रोज संध्याकाळी ती त्याचे डोके आपल्या मांडीवर घेई आणि त्याच्या डोळ्यांत औषधाचे थेंब टाकी. ते थेंब आगीसारखे झोंबत. त्यांचा उपयोग काहीच होत नसे. तरी तो लहानगा रडत नसे. आपल्या धाकट्या बहिणीसारखे रडके होणे त्याला आवडत नव्हते.

घराबाहेर बोरूच्या काड्यांचे एक कुंपण होते. ताहाचे जग त्या कुंपणापर्यंतच होते. ससे त्यातून सहज पलीकडे जात, त्याला मात्र जाता येत नसे. त्याला सशांचा हेवा वाटे. संध्याकाळी कुंपणापलीकडे लोक जमत आणि एक शाहीर अबू झैद या वीराच्या कथा गाऊन सांगे. ताहा कुंपणाला टेकून ऐकत उभा राही. गोष्ट रंगात आली, की नेमकी मोठी बहीण येई आणि त्याला उचलून घरात नेई. तुम्हीही कधी गोष्ट अर्धी सोडून घरी गेला असाल. तेव्हा त्याला काय वाटत असेल, हे तुम्ही सहज ओळखाल.

एका संध्याकाळची हकीकत सांगतो. सारे कुटुंब जेवायला बसले होते. ताहाच्या मनात एक विचार आला. नेहमी आपण एका हाताने घास घेतो, आज दोन्ही हातांनी घेतला तर काय होईल? त्याने तसा घास घेतला. भावंडे खो खो हसू लागली. आईच्या डोळ्यांत पाणी आले. वडील रागावले नाहीत. घास असा घेत नाहीत, एवढेच त्यांनी दुःखी आवाजात हळूच सांगितले. हसणाऱ्यांपेक्षा आईचे रडणे आणि वडिलांचा तो आवाज मुलाच्या मनाला जास्त लागला. त्या रात्री त्याला झोप आली नाही. तेव्हापासून त्याने चमच्याने खायचे पदार्थ सोडून दिले. भात नाही, रस्सा नाही. सांडले तर लोक हसतील ना! पुढे तो एकट्यानेच, बंद खोलीत जेवू लागला. ही सवय त्याला वयाच्या पंचविशीपर्यंत चिकटून राहिली.

गावात एक मकतब होता. तेथील उस्तादांना सारे सय्यदना म्हणत. ताहा तेथे कुराण पाठ करू लागला. वयाच्या नवव्या वर्षी तो हाफिज झाला. वडील त्याला आता शेख म्हणू लागले. घरात एक हाफिज झाला, याचा आईवडिलांना केवढा अभिमान! पण खरे सांगायचे, तर उस्ताद पुढे आळशी झाले. एकदा पाठ झाले म्हणजे झाले, असे त्यांना वाटले. मुलाची उजळणी थांबली आणि तो विसरू लागला.

एके दिवशी वडील दोन मित्रांसोबत बसले होते. त्यांनी ताहाला बोलावले आणि सूरह शुअरा म्हणायला सांगितली. आरंभीची तीन अक्षरे म्हणून मुलगा थांबला. पुढचे काही आठवेना. वडिलांनी मग सूरह नम्ल म्हणायला सांगितली. तीही जवळजवळ तशाच अक्षरांनी सुरू होते. तेथेही तो अडला. तिसऱ्या वेळी सूरह कसस. पुन्हा तेच. वडिलांनी त्याला मारले नाही. आपल्याला वाटले होते की तू हाफिज आहेस, असे म्हणून त्यांनी त्याला जायला सांगितले. तो घामाने न्हाऊन बाहेर आला. चूक कोणाची होती? विसरणाऱ्या मुलाची, उजळणी न घेणाऱ्या उस्तादांची, की पाहुण्यांसमोर परीक्षा घेणाऱ्या वडिलांची? ताहालाही ते ठरवता आले नाही. तुम्हीच विचार करा. त्याने पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली आणि सारे कुराण दुसऱ्यांदा पाठ केले.

याच काळात घरावर दोन मोठी संकटे आली. ताहाची सर्वांत धाकटी बहीण चार वर्षांची होती. ती फार बडबडी होती. सारे घर तिच्या बोलण्याने भरून जाई. बकरी ईदच्या आधी तिला ताप आला. घरात ईदची तयारी चालली होती. ताप उतरेल, असे सर्वांना वाटले. डॉक्टरला कोणी बोलावले नाही. ईदच्या आदल्या दिवशी ती गेली.

त्यानंतर १९०२ साली इजिप्तमध्ये कॉलऱ्याची साथ आली. ताहाचा एक भाऊ अठरा वर्षांचा होता. घरातील सर्वांत हुशार आणि प्रेमळ मुलगा तो. डॉक्टरीच्या शिक्षणासाठी त्याची निवड झाली होती. साथीच्या दिवसांत तो गावातील डॉक्टरसोबत रोग्यांना पाहायला जात असे. आपण पुढे डॉक्टर होणार, तर आतापासून शिकावे, असे त्याला वाटे. त्यालाच कॉलरा झाला आणि २१ ऑगस्ट १९०२ रोजी तो मरण पावला. त्या दिवसापासून त्या घरातील हसणे गेले. आईवडील म्हातारे दिसू लागले.

ताहा तेव्हा तेरा वर्षांचाही नव्हता. आपल्या भावासाठी आपण काय करू शकतो, याचा तो विचार करू लागला. नमाज पंधराव्या वर्षापासून फर्ज होते, असे त्याने मौलवींकडून ऐकले होते. भाऊ अठराव्या वर्षी गेला आणि तो नमाजाच्या बाबतीत नियमित नव्हता. म्हणजे तीन वर्षांची नमाज त्याच्याकडून राहिली, असा हिशेब मुलाने केला. मग तो रोज पाचही वेळची नमाज दोनदा पढू लागला, एकदा स्वतःसाठी आणि एकदा भावासाठी. वर्षातून दोन महिने रोजे ठेवायचे, एक महिना आपला आणि एक भावाचा, असेही त्याने ठरवले. हातात खाऊ आला, की तो आधी एखाद्या अनाथ किंवा गरीब मुलाला त्यातला वाटा देई. सूरह इख्लास तर त्याने भावासाठी हजारो वेळा म्हटली. ही गोष्ट त्याने घरात कोणालाही कळू दिली नाही. ती फक्त त्याच्या आणि अल्लाहच्या मधली होती. लहान मुलाचा हा हिशेब ऐकून एखादा हसेल. मला मात्र ताहा हुसेन यांच्या साऱ्या चरित्रात ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

त्याच वर्षी वडिलांनी ताहाला मोठ्या भावासोबत कैरोला, अल-अझहरमध्ये पाठवले. मुलाने आलिम व्हावे आणि मशिदीच्या खांबाजवळ बसून विद्यार्थ्यांना शिकवावे, हे वडिलांचे स्वप्न होते. प्रवेशाच्या परीक्षेत परीक्षकांनी त्याला नावाने बोलावले नाही. आंधळा म्हणूनच हाक मारली. त्याने कुराणातील आयती बिनचूक म्हटल्या. परीक्षकांनी त्याला दुआ दिली, पण तीही आंधळा म्हणूनच. घरात हा शब्द त्याच्यासमोर कोणी उच्चारत नसे. तो पास झाला, पण आनंद मात्र झाला नाही.

कैरोमध्ये दोघे भाऊ एका जुन्या चाळीसारख्या इमारतीत राहत. जिना मोडका, गल्लीत घाण. मोठा भाऊ संध्याकाळी मित्रांच्या खोलीत अभ्यासाला जाई. ताहा आपल्या खोलीच्या कोपऱ्यात एकटाच बसे. खोलीत दिवाही नसे. आंधळ्याला दिवा कशाला, असे सर्वांना वाटे. भिंतीतल्या किड्यांचे आवाज ऐकत तो भाऊ परत येण्याची वाट पाही. भीती वाटे, पण हाक मारायची लाज वाटे. पुढे त्याचा एक नातेवाईक शिकायला त्याच खोलीत आला, तेव्हा कुठे त्याला सोबत मिळाली.

खाण्याचेही हालच होते. अल-अझहरकडून विद्यार्थ्यांना रोटी मिळे. त्या रोटीत कधी काडीकचरा, तर कधी खडे निघत. काकवीत बुडवून ती खायची. कित्येक दिवस दुसरे काही मिळत नसे. सुट्टीत घरी गेल्यावर आईवडील विचारत, तेव्हा आपण दोघे भाऊ मजेत आहोत, चांगलेचुंगले खातो, असे तो सांगे. गरीब आईवडिलांना वाईट वाटू नये, म्हणून तो खोटे बोले.

१९०८ साली कैरोमध्ये नव्या पद्धतीचे विद्यापीठ सुरू झाले. तेथे इतिहास, साहित्य, जुन्या संस्कृती असे विषय होते. ताहा तेथे व्याख्याने ऐकायला जाऊ लागले. अल-अझहरच्या जुन्या शिक्षणपद्धतीविषयी ते उघडपणे बोलत. तेथील उस्तादांशी त्यांचे वाद झाले आणि अल-अझहरची शेवटची पदवी त्यांना मिळाली नाही. वडिलांचे स्वप्न अपुरे राहिले. पण १९१४ साली नव्या विद्यापीठाने आपली पहिली डॉक्टरेट दिली, ती ताहा हुसेन यांना. प्रबंधाचा विषय कोणता होता, ठाऊक आहे? अबुल अला अल-मअर्री. हा सीरियाचा अरबी कवी सुमारे हजार वर्षांपूर्वी होऊन गेला. तोही लहानपणी देवीच्या रोगाने आंधळा झाला होता. तोही एकट्यानेच जेवत असे!

त्याच वर्षी ताहा फ्रान्सला शिकायला निघाले. आधी मॉन्पेलिए आणि नंतर पॅरिस ही त्यांच्या शिक्षणाची गावे. पहिल्या महायुद्धाचे दिवस होते. विद्यापीठाजवळ पैसे नव्हते, म्हणून मध्ये त्यांना परतही यावे लागले. फ्रेंच भाषा नवी, लॅटिन त्याहून कठीण आणि पुस्तके वाचून दाखवायला कोणी नाही. १९१५ च्या मे महिन्यात सुझान नावाची एक तरुणी त्यांना पुस्तके वाचून दाखवण्यासाठी येऊ लागली. आवाज गोड, वाचन स्पष्ट. पुढे ताहा यांनी तिला लग्नाविषयी विचारले. सुझान ख्रिस्ती, ते मुसलमान. ती फ्रेंच, ते परदेशी, आणि त्यातही दृष्टिहीन. तिच्या घरच्यांना हे पटेना. तेव्हा तिचे एक काका, जे स्वतः पाद्री होते, ताहांना घेऊन लांब फिरायला गेले. परत आल्यावर त्यांनी पुतणीला सांगितले की या माणसावर विश्वास ठेवायला हरकत नाही. ऑगस्ट १९१७ मध्ये त्यांचे लग्न झाले.

एकट्याने जेवण्याची ताहा यांची सवय तुम्हाला आठवते ना? बोटीवर आणि फ्रान्समध्येही ते आपल्या खोलीतच जेवत. सुझान यांनी ती सवय मोडली. त्यांनी त्यांना चारचौघांत टेबलाशी बसवले. आईला आणि भावंडांना जे जमले नाही, ते पत्नीला जमले.

पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात ताहा यांनी इब्न खल्दून या इतिहासकारावर प्रबंध लिहून १९१८ साली दुसरी डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी त्यांना मुलगी झाली. तिचे नाव अमीना. पुढे मुलगा झाला, त्याचे नाव मुअनिस. १९१९ साली कुटुंब कैरोला आले आणि ताहा विद्यापीठात प्राचीन इतिहास शिकवू लागले. नंतर ते अरबी साहित्याचे प्राध्यापक झाले.

१९२६ साली त्यांनी इस्लामपूर्व काळातील अरबी काव्याविषयी एक पुस्तक लिहिले. ते काव्य बरेचसे नंतरच्या लोकांनी रचले आहे, असे त्यांचे मत होते. पुस्तकातील काही विधानांनी उलमा आणि सामान्य लोक यांची मने दुखावली. देशभर गदारोळ झाला. प्रकरण सरकारी वकिलांपर्यंत गेले. त्यांनी चौकशी करून खटला न भरण्याचे ठरवले. ताहा यांनी वादाचा भाग काढून, नवीन मजकूर घालून पुस्तक दुसऱ्या नावाने छापले. त्यांची सारी मते सर्वांना पटली नाहीत, आजही पटत नाहीत. पण लहानपणी पाठ केलेले कुराण आणि त्याची भाषा त्यांच्या लेखनात शेवटपर्यंत राहिली. १९३३ मध्ये त्यांनी हजरत पैगंबरांच्या जीवनाशी संबंधित जुन्या कथा नव्या, सोप्या अरबीत लिहिल्या. ते पुस्तक घरोघरी वाचले गेले.

गदारोळाच्या त्याच दिवसांत त्यांनी आपल्या बालपणाची हकीकत सांगून लिहून घेतली. ‘अल-अय्याम’, म्हणजे ‘दिवस’, हे तिचे नाव. आधी ती एका मासिकात आली आणि १९२९ साली पुस्तक निघाले. कुंपण, दोन्ही हातांचा घास, भावासाठी केलेली नमाज, हे सारे त्यातच आहे. ते पुस्तकात मी असे म्हणत नाहीत. दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगावी, तसे ते त्या मुलाविषयी सांगतात. त्यांची सगळीच पुस्तके अशी तोंडाने सांगून लिहून घेतलेली आहेत. लेखनिक कागद घेऊन बसे आणि ते बोलत जात.

‘अल-अय्याम’च्या पहिल्या भागाचे शेवटचे प्रकरण त्यांच्या लहान मुलीला उद्देशून आहे. एकदा ते तिला ग्रीसच्या इडिपस राजाची गोष्ट सांगत होते. आंधळा झालेला राजा मुलीचा हात धरून चालतो, हे ऐकताच ती रडू लागली. तो राजा तिला आपल्या वडिलांसारखा वाटला. त्यानंतर वडिलांनी तिला अल-अझहरच्या त्या कोरड्या रोटीची हकीकत सांगितली. ती आज सुखात आहे, यामागे कोणाचे कष्ट आहेत, हेही सांगितले. ते श्रेय त्यांनी स्वतः घेतले नाही, तिच्या आईला दिले.

विद्यापीठात अधिकारी असतानाही त्यांचा स्वभाव बदलला नाही. मुलींना विद्यापीठात प्रवेश मिळावा, म्हणून त्यांनी मदत केली. सुहैर अल-कलमावी ही त्यांची विद्यार्थिनी पुढे कैरो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवणारी पहिली स्त्री ठरली. १९३२ साली सरकारने काही राजकारणी लोकांना मानाच्या पदव्या देण्याचा आग्रह धरला. ताहा यांनी नकार दिला आणि त्यांची नोकरी गेली. दोन वर्षे त्यांनी वर्तमानपत्रांत लिहून घर चालवले. मग विद्यापीठाने त्यांना सन्मानाने परत बोलावले. १९४२ साली अलेक्झांड्रिया शहरात नवे विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा ते त्याचे पहिले कुलगुरू झाले.

जानेवारी १९५० मध्ये ते शिक्षणमंत्री झाले. इजिप्तमध्ये माध्यमिक शाळेची फी भरणे गरिबांना परवडत नसे. शिक्षण हे पाण्यासारखे आणि हवेसारखे आहे, ते सर्वांना मिळाले पाहिजे, असे ताहा पूर्वीपासून सांगत आले होते. मंत्री होताच त्यांनी माध्यमिक आणि तांत्रिक शिक्षण मोफत केले. एवढ्या मुलांना पुरतील इतक्या शाळा आणि शिक्षक आणायचे कोठून, अशी टीका झाली. ती अगदीच खोटी नव्हती. काही वर्गांत फार गर्दी झाली. पण तुमच्याएवढी हजारो गरीब मुले त्या वर्षी शाळेत टिकून राहिली. दोन वर्षांनी, जानेवारी १९५२ मध्ये, ते मंत्रिमंडळ गेले.

१९६१ मध्ये त्यांच्या पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर चालणे कठीण झाले. डोळे तर नव्हतेच, आता पायही साथ देईनात. तरी १९६३ पासून अखेरपर्यंत ते कैरोच्या अरबी भाषा अकादमीचे अध्यक्ष होते. सभेला त्यांना धरून आणावे लागे. रोज कोणीतरी त्यांना वाचून दाखवी आणि ते ऐकत. सुझान शेजारी असत.

१९७३ साली संयुक्त राष्ट्रसंघाने त्यांना मानवी हक्कांचा पुरस्कार जाहीर केला. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला कैरो येथे त्यांचे निधन झाले. इजिप्त आणि इस्राएल यांच्यातील लढाई थांबून तेव्हा थोडेच दिवस झाले होते. तरी कैरो विद्यापीठातून निघालेल्या त्यांच्या जनाज्याला मोठी गर्दी लोटली. सुझान यांनी पुढे आपल्या सहजीवनाच्या आठवणी लिहिल्या. त्यांचे निधन १९८९ मध्ये झाले. त्या दोघांचे गिझा येथील घर सरकारने घेतले आणि १९९७ पासून तेथे संग्रहालय आहे. ताहा यांची पुस्तके तेथे कपाटांत लावून ठेवली आहेत.